पेडलवरचा पाय काढला, तरी ट्रॅक्टर सरकतो

ट्रॅक्टर म्हटला की क्लच, गियरचा दांडा आणि दातेरी चक्रांची घरघर ही आपल्याकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. अमेरिकेत मात्र घराभोवतीच्या दोन-चार एकरांत गवत कापणे, बर्फ लोटणे, माती उचलणे अशा कामांसाठी जो लहान, साधारण २० ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वापरतात, त्यातील पुष्कळांच्या चालकाला वेग बदलण्यासाठी क्लच दाबावा लागत नाही. उजव्या पायाखालचे पेडल दाबले की यंत्र पुढे जाते, उलट बाजूने दाबले की मागे येते आणि पाय उचलला की उभे राहते. निदान उभे राहावयास हवे. काही वर्षांच्या वापरानंतर पाय काढला तरी ते मुंगीच्या पावलांनी सरकू लागते.

हा दोष क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडताना माणूस दोन्हींच्या मध्ये उभा असतो. अशा वेळी यंत्र वीतभर सरकले तरी हात वा पाय चिरडण्यास तेवढे पुरे होते. चालक खाली उतरताच इंजिन बंद पाडणारा एक स्विच आसनाखाली बहुधा बसविलेला असतो. पण अडथळा वाटतो म्हणून काही जण तो तारेने जोडून निकामी करतात. सरकणारा ट्रॅक्टर आणि निकामी केलेला स्विच एकत्र आले, तर मग दैवावरच हवाला ठेवावा लागतो.

दोषाचे मूळ समजण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे. इंजिन एक तेलाचा पंप फिरविते. त्या पंपाने रेटलेले तेल दुसऱ्या, तशाच बांधणीच्या यंत्राला फिरविते आणि ते चाकांना फिरविते. पंपात एका फिरत्या नळकांड्यात वर्तुळाकार मांडलेले सात किंवा नऊ दट्टे असतात व त्यांची टोके एका तबकडीवर टेकलेली असतात. तबकडी अगदी सरळ उभी असेल, तर दट्टे नुसते गोल फिरतात, पुढेमागे होत नाहीत, म्हणून तेलही वाहत नाही. ती तिरकी केली की दट्टे आतबाहेर होऊ लागतात आणि तेल वाहू लागते. जितका तिरकसपणा अधिक, तितका वेग अधिक. विरुद्ध बाजूस कलली, तर प्रवाह उलटतो आणि ट्रॅक्टर मागे येतो. पेडल करते ते एवढेच, की जोडदांडीच्या द्वारे ही तबकडी कलविते. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने एचटी-३४० या प्रायोगिक ट्रॅक्टरात ही योजना वापरली व १९६७ साली फार्मॉल ६५६ या ट्रॅक्टरात ती बाजारात आणली.

पाय उचलल्यावर तबकडीला बरोबर शून्यावर आणण्याचे काम एका स्प्रिंगचे आहे. येथे किती काटेकोरपणा लागतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, तबकडी १५ अंश कलली असता ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटर धावतो. मग ती केवळ अर्धा अंश कललेली राहिली, तरी वेग ताशी अर्धा किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८ मीटर होईल. प्रत्यक्षात तो याहून थोडा कमी भरतो. दट्ट्यांच्या बाजूने थोडे तेल नेहमीच निसटते आणि अगदी बारीक प्रवाह त्या गळतीतच जिरून जातो. या गळतीमुळेच शून्याच्या दोन्ही अंगांस एक अरुंद पट्टा असा मिळतो, की त्यात चाके हलत नाहीत. दुरुस्तीचे सारे मर्म या पट्ट्यात आहे.

मात्र उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर हळूहळू खाली घसरतो, तो प्रकार वेगळा. तेथे चाकेच उलट तेल रेटतात आणि ते गळतीच्या वाटेने निसटते. तबकडी शून्यावर असली तरी हे घडते. त्यासाठी हातब्रेक आहे, नट फिरवून तो दोष जाणार नाही. घसरण पूर्वीपेक्षा फार वाढली असेल, तर पंप झिजल्याची शंका घ्यावी. म्हणून परीक्षा नेहमी सपाट जागी करावी.

पाना हाती घेण्यापूर्वी पेडलची बिजागरी पाहावी. तेथे गवताचा चुरा व चिखल साचतो, वंगण आटते, गंज चढतो आणि बिचारी स्प्रिंग पेडल परत आणू शकत नाही. वेग कायम ठेवणारी कळ अडकून राहिली नाही ना, हेही पाहावे. सफाई व ग्रीस यांनीच पुष्कळदा काम भागते. ती न करता नट फिरविणारा कारागीर एक दोष झाकून दुसरा निर्माण करतो.

तरीही यंत्र सरकत असेल, तर थोडे चालवून तेल गरम करावे व सपाट, पक्क्या जमिनीवर ते उभे करावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि मागची चाके उचलून आस लोखंडी घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. चारही चाकांना गती देणारी जोडणी सोडविलेली असावी, नाही तर पुढची चाके ट्रॅक्टरला घोड्यांवरून ओढून काढतील. ती सुटत नसेल, तर चारही चाके उचलावी लागतात.

आता इंजिन बंद ठेवून जोडदांडी पंपाच्या भुजेपासून सोडवावी. एकाने आसनावर बसून इंजिन सुरू करावे आणि दुसऱ्याने दूर उभे राहून चाके पाहावीत. चाके थांबली, तर दांडीची लांबी चुकलेली आहे. फिरतच राहिली, तर पंपाजवळची, शून्य धरून ठेवणारी खीळ सरकलेली आहे. काही ट्रॅक्टरांत ती मुद्दाम मध्यापासून बाजूला घडविलेली असते, म्हणजे फिरवली की शून्यस्थान थोडे हलते.

जेथे दोष असेल तेथला लॉकनट ढिला करावा, पाव फेरा फिरवावे आणि पाहावे. प्रत्येक वेळी इंजिन बंद करूनच हात आत घालावा. हे कंटाळवाणे आहे खरे, पण बोटे मोजून दहाच असतात. चाके थांबताच आनंदून लॉकनट आवळणे ही नेहमीची चूक होय. ती जागा पट्ट्याची केवळ कड असते व चार दिवसांत यंत्र पुन्हा सरकू लागते. तसे न करता, चाके मागे फिरू लागेपर्यंत नट पुढे न्यावा, मधले फेरे मोजावेत आणि त्यांच्या निम्म्यावर परत यावे. तेथे लॉकनट आवळताना दांडी फिरू देऊ नये.

दांडी पुन्हा जोडल्यावर पेडल पुढे दाबून एकदम सोडावे, मग मागे दाबून सोडावे. दोन्ही वेळा चाके थांबली पाहिजेत. एकाच बाजूने परतताना ती फिरत राहिली, तर सांध्याची गोळी झिजून तेथे ढिलेपणा आला आहे असे समजावे व ती बदलावी.