मिथकांच्या वाटा (लेखांक सहावा) : ओसायरिसचा वाफा आणि घरातला घट

सेतने ओसायरिसचे तुकडे केले आणि आयसिस ते गोळा करत हिंडली, इथपर्यंत आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. हा मेलेला देव पुढे धान्यातून उगवतो. इजिप्तचे लोक ही कथा नुसती सांगत नसत, ती पेरून दाखवत. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात ओसायरिसच्या आकृतीची एक लाकडी चौकट होती. तिच्यात नाईलचा गाळ भरून धान्य पेरले होते, त्याला कोंबही फुटले होते. देवळांतही खोइआक महिन्यात, म्हणजे पूर ओसरून पेरणी तोंडावर आली की, साच्यात वाळू आणि सातू घालून त्यावर पाणी शिंपडत. डेंडेराच्या देवळाच्या गच्चीवरील खोल्यांत हा विधी भिंतींवर कोरलेला आहे.

आता सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याकडे वळू. या भागात अश्विन प्रतिपदेला घट बसतो. पत्रावळीवर किंवा टोपलीत वावरातली काळी माती, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असे धान्य आणि मधोमध कुंभाराकडचा कच्च्या रंगाचा घट. पाणी भरलेला घट पाझरत राहतो आणि भोवतालची माती आपोआप ओली राहते. घरातल्या अंधारात कोंब पिवळेधमक वाढतात. दसऱ्याला तेच टोपीत, फेट्यात खोवून माणसे सोने वाटायला निघतात.

काळही पाहा. खरीप हाताशी आलेला, रब्बीची पेरणी समोर. बियाणे उगवते का, हे देवीसमोरच कळते. खोइआकचा मुहूर्त आणि आपला मुहूर्त, दोन्ही पेरणीच्या उंबरठ्यावरचे.

ग्रीकांचे मात्र वेगळे. अथेन्सच्या बायका अडोनिससाठी फुटक्या मडक्यांत लेट्यूस, बडीशेप, गहू, सातू लावून ती छपरावर नेत. भर उन्हात रोपे झटकन उगवत आणि तशीच करपत; मग त्या देवासाठी रडत आणि कुंड्या पाण्यात सोडत. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’मध्ये या कुंड्यांशेजारी भारतातली उदाहरणे मांडली आणि सगळ्याला पीक वाढवण्याचा जादूटोणा म्हटले. मार्सेल देतिएनने १९७२ मध्ये उलट सांगितले : अडोनिसची बाग ही शेतीची नक्कल नव्हे, तिचा विपर्यास आहे. मला देतिएनचे म्हणणे पटते. घटाचे धन, म्हणजे हे कोंब, करपण्यासाठी लावत नाहीत आणि घट उठताना कुणी रडत नाही.

मग इजिप्तमधून हे इकडे आले का? वाटा तर होत्या. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी प्रवासग्रंथ इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांपासून सुरू होतो आणि पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे घेतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. माल आला, मूर्ती आली; पण पत्रावळीवरची माती जहाजातून आली, असे म्हणायला एकही पुरावा नाही. ज्याचे पोट दाण्यावर आहे त्याला दाणा मातीत गाडल्यावर परत येतो, हे सांगायला नाईलवरून माणूस यावा लागत नाही.

तुमच्या घरी घटात कोणती धान्ये पेरतात आणि ती कोण ठरवते, हे गावाच्या नावासह आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पोळ्याचा बैल आणि मेम्फिसचा एपिस.