साडेअकरा इंचांची मोजपट्टी

बार्बीची कंबर एवढी बारीक का, याचं एक उत्तर शिवणकामात सापडतं, आणि ते विलक्षण आहे.

बाहुली साडेअकरा इंच उंच, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. हात, पाय, नाक, मान सगळं साच्यातून सहापट लहान काढता येतं. कापड मात्र सहापट पातळ होत नाही. धागा तोच, वीण तीच. तिच्या एखाद्या स्कर्टचा कमरपट्टा डोळ्यांजवळ धरून बघा. पट्टी दुमडून, कडा आत मुडपून शिवलेली असते, म्हणजे कमरेभोवती कापडाचे चार पदर. समजा, कापड पाव मिलिमीटर जाडीचं आहे. चार पदरांचा झाला एक मिलिमीटर. माणसाच्या मापात तो सहा मिलिमीटर होतो, आणि एवढी जाडी सगळीकडून वाढली की कमरेचा घेर सुमारे दीड इंचाने फुगतो. यात चुण्या धरलेल्या नाहीत, बटण धरलेलं नाही, आत खोचलेला ब्लाउजही नाही. तेव्हा कपड्यांत ती सडपातळ दिसायला हवी असेल, तर कपड्यांच्या आत तिला अशक्य बारीक करावं लागतं. कपडे बदलणं हाच जिचा खेळ, तिच्या बाबतीत हा मुद्दा किरकोळ नव्हता.

पण सगळा दोष सुताच्या माथी मारता येणार नाही. तिचा मूळ बांधा आला जर्मनीतून. तिथल्या ‘बिल्ड’ या वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रमालिकेत लिली नावाची एक नखरेल तरुणी होती. 1955 साली तिची बाहुली निघाली आणि ती मुख्यतः मोठ्या पुरुषांना गंमत म्हणून विकली जायची. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रूथ हँडलर या अमेरिकन बाईंना ती दिसली. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करायची, हे हँडलरबाईंनी पूर्वीच हेरलं होतं. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत त्यांनी घडवलेली बार्बी लोकांसमोर आली. किंमत तीन डॉलर.

आपल्या लाकडी ठकीशी खेळताना मुलगी तिची आई होते. भातुकलीत तिला जेवू घालते, तिचं लग्न लावते. ठकीला कंबर जवळजवळ नसतेच आणि तिच्यासारखं दिसावं असं कुणाला वाटतही नाही. बार्बीशी खेळणारी मुलगी मात्र स्वतःचं पुढचं आयुष्य खेळून बघते. हँडलरबाईंना नेमकं हेच हवं होतं, आणि ही कल्पना थोर होती असं मला मनापासून वाटतं. 1965 साली बार्बी अंतराळवीरही झाली. पण त्याच वर्षी मैत्रिणीकडे रात्री राहायला जाणारी एक बार्बी बाजारात आली. तिच्या सामानात 110 पौंडांवर काटा असलेला वजनकाटा होता आणि वजन कसं घटवावं याचं एक इवलंसं पुस्तक. पुस्तकाच्या मागच्या बाजूला सल्ला होता : खाऊ नका!

1996 साली ऑस्ट्रेलियातल्या शरीरमापनाच्या अभ्यासकांनी बार्बी मोजली. तिच्यासारखा बांधा खऱ्या बायकांत आढळण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी निघाली. तिचा मित्र केन पन्नासात एखादा भेटू शकला असता.

बांधा अशक्य असेना का, लहान मुलीच्या मनात तो उतरतो का? 2006 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. पाच ते आठ वर्षांच्या 162 मुलींना एक साधी गोष्ट ऐकवली आणि सोबत चित्रं दाखवली. काहींच्या चित्रांत बार्बी होती, काहींच्या चित्रांत एमी नावाची भरल्या अंगाची बाहुली, तर काहींच्या चित्रांत बाहुलीच नव्हती. मग प्रत्येकीला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं आणि कसं दिसायला आवडेल ते विचारलं. बार्बी पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीरावर इतरांपेक्षा जास्त नाखूश होत्या आणि त्यांना जास्त बारीक व्हायचं होतं. गोष्टीत वजनाबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. नुसती चित्रं पाहून हे झालं!

त्याहून थक्क करते पुढची गोष्ट. सर्वांत मोठ्या मुलींवर बार्बीच्या चित्रांचा असा तात्काळ परिणाम दिसला नाही. संशोधकांना यात दिलासा वाटला नाही. त्यांच्या मते, तोवर बारीकपणाचा आदर्श मुलीच्या आत मुरलेला असू शकतो, आणि मग तो जागा करायला बाहुलीची गरज उरत नाही. पाच-सहा वर्षांची मुलगी आपल्याला अजून अगदी बाळ वाटते. त्याच वयात हे सगळं घडत असतं.

2016 मध्ये बार्बी बनवणाऱ्या कंपनीने उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या बांध्यांच्या बार्बी काढल्या. चांगलंच केलं. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते दहा वर्षांच्या मुलींसमोर या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा सर्वांत नावडती ठरली ती भरल्या अंगाची. तिच्याशी खेळायची इच्छाही सर्वांत कमी होती. डरहॅम विद्यापीठाच्या लिंडा बूथरॉइड यांच्या 2021 मधल्या छोट्या प्रयोगात अतिबारीक बाहुल्यांशी थोडा वेळ खेळल्यावर पाच ते नऊ वर्षांच्या मुलींना हवासा वाटणारा बांधा आणखी बारीक झाला. नंतर खऱ्याखुऱ्या बांध्याच्या बाहुल्या हातात दिल्या, तरी तो लगेच पूर्ववत झाला नाही.

अर्थात बाहुली एकटी गुन्हेगार नाही. सिनेमा, जाहिराती, मोबाइलमधले चेहरे आणि घरात सहज म्हटलेलं ‘किती सुटलीस गं!’ हे सगळे मिळून मुलीच्या मनातलं माप ठरवतात. हे अभ्यासही प्रामुख्याने काही मिनिटांच्या खेळाचा नाहीतर चित्रांचा परिणाम मोजणारे आहेत, वर्षानुवर्षांचा नव्हे. म्हणून घरातली बार्बी फेकून देऊ नका. तिच्या शेजारी वेगवेगळ्या बांध्याच्या बाहुल्या मात्र लवकर, शक्यतो शाळा सुरू होण्याआधीच ठेवा. आणि मुलीने त्यातली जाडी बाहुली बाजूला सारली, तर रागावू नका. ‘ही का नको?’ एवढंच विचारा आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.