फुलराणी, बातम्या आणि जुना हायवे

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे तेच कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पन्नासच्या दशकापासून चालू होता. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को साठच्या दशकात उभे राहिले होते. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून आलेली माणसं इथे संसार मांडत होती. टीव्ही मोजक्या घरांत. ज्याच्याकडे तो, त्याच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी अख्खा मजला जमायचा. बातम्या वाचणाऱ्या बाई त्यामुळे घरच्यासारख्याच वाटायच्या. स्मिता पाटील त्यांतल्या एक. दुसऱ्या भक्ती बर्वे.

भक्ती बर्वे यांचं नाव काढलं की आज ‘ती फुलराणी’ हे नाटकच आठवतं. त्यातली भूमिका मोठी होती, यात वाद नाही. पण नाटक, आकाशवाणी, दूरदर्शन आणि सिनेमा अशा चार ठिकाणी वावरलेल्या अभिनेत्रीला एकाच भूमिकेच्या चौकटीत बसवून आपण तिच्याकडे बघायचं थांबलो, असं माझं मत आहे. या चारही ठिकाणी तिचं भांडवल एकच होतं: आवाज.

जन्म सांगलीचा, 10 सप्टेंबर 1948 चा. रंगभूमीवर पहिली पावलं पडली ती सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांत. या संस्थेला आपण पुरेसं श्रेय देत नाही. मुलांची नाटकं म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली हौस, असं समजलं जात होतं, त्या काळात करमरकरांनी बालनाट्याला नेपथ्य, प्रकाश आणि तालमीची शिस्त दिली. मुलांचा प्रेक्षक निर्दय असतो; कंटाळा आला की सरळ शेजारच्याशी बोलायला लागतो. शेवटच्या रांगेतल्या पोराला धरून ठेवायचं शिक्षण भक्ती बर्वे यांना तिथे मिळालं. पुढे आकाशवाणीवर निवेदन, मग दूरदर्शनवर बातम्या. रेडिओवर चेहरा नसतो, बातम्यांत भावना दाखवायची नसते. म्हणजे दोन्हीकडे नटाचे नेहमीचे आधार काढून घेतलेले. उरतो तो उच्चार, श्वास आणि कुठे थांबायचं याची समज.

ही सगळी शिदोरी 1975 साली एका भूमिकेत उपयोगी पडली. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि इंडियन नॅशनल थिएटरनं ते रंगभूमीवर आणलं. याच संस्थेनं सत्तरच्या दशकात शॉच्या त्याच नाटकावरून गुजरातीत ‘संतू रंगीली’ही केलं, त्यात सरिता जोशी होत्या. मराठीत प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी आणि मंजुळा साळुंखे म्हणजे भक्ती बर्वे. एका नाटकात नटीला दोन आवाज सांभाळायचे होते: फुलं विकणाऱ्या पोरीचा मोकळा, खरखरीत आवाज आणि शिकवून घोटलेला नागर आवाज. अवघड जागा मात्र या दोघांच्या मध्ये आहे. मंजुळेचे उच्चार सुधारलेत, पण आतला राग अजून जुन्याच बोलीत उसळतो. बातम्या वाचून कमावलेली वाणी मुद्दाम मोडायची, मग प्रेक्षकांसमोर पुन्हा जुळवायची, आणि तेही प्रयोगामागून प्रयोग. मंजुळेचं गाजलेलं स्वगत पुढे कित्येक मुलींनी एकपात्री स्पर्धांत म्हटलं. बहुतेकींनी त्यातला राग उचलला; मोडणं-जुळवणं फार थोड्यांना जमलं.

एकाच भूमिकेत अडकून पडणं स्पेनमधल्या लोला एर्रेरा या अभिनेत्रीच्याही वाट्याला आलं. मिगेल देलिबेसच्या 1966 च्या कादंबरीवरून होसेफिना मोलिना यांनी बसवलेलं ‘मारिओबरोबर पाच तास’ हे एकपात्री नाटक तिनं 1979 मध्ये सुरू केलं. नवऱ्याच्या मृतदेहाजवळ रात्रभर बसून बोलणारी बायको, एवढंच नाटक. एर्रेरा पुढची कित्येक दशकं त्याकडे परत परत येत राहिली. सिनेमा, दूरचित्रवाणी, नाटक सगळं करूनही लोकांच्या मनात ती त्या विधवेची भूमिकाच झाली. फरक असा, की 1981 साली मोलिना यांनी तिच्यावरच एक चित्रपट केला. भूमिकेनं नटीच्या स्वतःच्या आयुष्याचं काय केलं, याचा शोध त्यात कॅमेऱ्यासमोर घेतला गेला. आपल्याकडे भक्ती बर्वे यांच्या वाट्याला असा चित्रपट आला नाही. त्यांनी स्वतःच ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करून थोडीफार भरपाई केली.

सिनेमानं त्यांना फार कमी वापरलं. पण जिथे वापरलं तिथे नेमकं वापरलं. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये (1983) त्या ‘खबरदार’ मासिकाच्या संपादिका शोभा सेन झाल्या. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भाबडे फोटोग्राफर तिच्यासाठी बिल्डर-अधिकाऱ्यांची लफडी उघडी पाडतात, आणि बाई त्या पुराव्यांवर स्वतःचा सौदा करायला निघते. बाकीचा सिनेमा धावतो, घसरतो, आरडाओरडा करतो; शोभा सेन मात्र कधी आवाज चढवत नाही. ज्या स्वच्छ, आश्वासक उच्चारांवर बातम्यांचा प्रेक्षक विश्वास ठेवायचा, त्याच उच्चारांत ही बाई फसवते. पडद्यावरचा विश्वासाचा चेहरा उलटा करून दाखवणं ही निवड फार हुशारीची होती. त्या चित्रपटावर एवढं लिहिलं गेलं, पण सतीश शहांनी वठवलेल्या प्रेतापुढे आणि महाभारताच्या गोंधळापुढे या भूमिकेकडे फारसं कुणी वळत नाही.

रंगभूमीवर मात्र त्या वयाप्रमाणे भूमिका बदलत गेल्या. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये घरकामातून निवृत्ती मागणारी आई. 1990 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. 1995 मध्ये अजित दळवी लिखित आणि चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘गांधी विरुद्ध गांधी’त अतुल कुलकर्णींच्या गांधींसमोर कस्तुरबा. मोठ्या मुलाच्या आणि मोठ्या नवऱ्याच्या भांडणात सापडलेली ही बाई बोलते कमी, ऐकते जास्त. मला मंजुळेपेक्षा ही निवड धाडसी वाटते. ज्या नटीची कीर्ती बोलण्यावर उभी, तिनं गप्प राहण्याची भूमिका घेतली.

मराठी नटीची पोटापाण्याची बाजू याहून वेगळी, ती रस्त्यावरची. मुंबईत तालीम, मग बसमध्ये नेपथ्य आणि माणसं भरून दौरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग होईपर्यंत नाटकाच्या बसला पुण्यात शिरायचं तर निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी असा जुना हायवेच होता. फुलराणी नवी होती तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या प्रेक्षकाला मोठ्या नाटकासाठी पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर गाठावं लागायचं, आणि लोणावळा लोकल सुरू झाली 1978 मध्ये. आता चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला अत्रे रंगमंदिर, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर आहे. शंभरावं नाट्यसंमेलन जानेवारी 2024 मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरलं. तरी एक अडचण जुनीच: नाटकं येतात शनिवार-रविवारी, आणि या औद्योगिक पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची सुट्टी गुरुवारी.

द्रुतगती मार्गाचे पहिले टप्पे 2000 साली खुले झाले. पूर्ण रस्ता 2002 मध्ये. मधल्या काळात, 12 फेब्रुवारी 2001 च्या पहाटे, वाईहून मुंबईला परतताना भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. वय 52. पती शफी इनामदार पाच वर्षांपूर्वीच गेले होते आणि पु. ल. आठच महिन्यांपूर्वी. रात्रीचा प्रयोग, पहाटेचा प्रवास, दुसऱ्या दिवशी पुन्हा काम ही नाटकवाल्यांची रोजची चाल होती, आजही आहे. रस्ता रुंद झाला, वेळापत्रक तेच राहिलं.

‘ती फुलराणी’ नंतर पुन्हा आली. अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी मंजुळा केली, आणि तुलना झालीच. चाकणच्या कारखान्यांत मात्र निम्मी बोलणी हिंदीत चालतात; उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या पोरांना मंजुळा साळुंखे ठाऊक असायचं कारण नाही. मोबाइलवर जुना विनोदी सिनेमा म्हणून ‘जाने भी दो यारो’ बघणाऱ्याला ती संपादिकाबाई माहीत असते, नाव माहीत नसलं तरी. निगडीतल्या निवृत्त टेल्कोवाल्याला त्या फुलराणी म्हणून आठवतात, त्याच्या बायकोला आधी बातम्या वाचणाऱ्या म्हणून.