आधी कागद दाखवा

इशाची अजान व्हायची होती. अम्मींचा फोन वाजला आणि पलीकडच्या माणसाने सरळ दमच भरला: एका फायनान्स कंपनीचे २६ हजार थकलेत, आज भरा, नाहीतर उद्या दारात माणसं येतील. मग आवाज मऊ करून, ‘पडताळणीसाठी आधार आणि पॅन नंबर सांगा.’ आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत अम्मींनी कपाटातून आधारकार्ड काढलंही होतं.

अम्मींनी आयुष्यात हप्त्यावर साधी कढई घेतली नाही. तरी म्हणाल्या, ‘उमराहच्या पैशांतून देऊन टाका. कर्ज डोक्यावर घेऊन मरायचं नाही मला.’ जुन्या नाशिकात भिंतीला भिंत लागून घरं. आवाज चढला की चार दारं उघडतात. वसुलीवाल्यांना हे नेमकं ठाऊक असतं.

आम्ही फोन घेतला. कर्ज कुणाच्या नावावर, खाते क्रमांक काय, करारावर सही कुणाची? उत्तर एकच: आधी आधार सांगा. शाळेत आम्ही मुलांना नुसतं उत्तर लिहिलं तर गुण देत नाही, रीत मागतो. इथे तर २६ हजारांचा प्रश्न. म्हणालो, मागणी तुमची, पुरावा तुम्हीच द्या, तोही लेखी. त्याने फोन कापला.

कागद मागणं म्हणजे देणं बुडवणं नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. अम्मींना याची आठवण दिली तेव्हा कुठे आधारकार्ड कपाटात परत गेलं.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला, धमकावायला, चारचौघांत बेअब्रू करायला मनाई केली आहे. म्हणजे कर्ज खरं असतं तरी तो फोन नियमाबाहेरचाच होता.

दुसऱ्या दिवशी अम्मींचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तिथेही पॅन द्यावा लागतो, पण तिथे आपण होऊन जातो, हा फरक. रिपोर्टात एकही कर्ज नव्हतं. मग फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र: फोनची तारीख, वेळ, दोन्ही नंबर आणि ‘हे कर्ज आम्हाला मान्य नाही, पुरावा पाठवा’. बाकी माहिती काहीही नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ठरलं होतं. तिथे फी लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. हा मोबाइल नंबर पूर्वी दुसऱ्या कुणाकडे होता, कर्ज त्याचं. दिलगिरीचं एक वाक्य. अम्मींनी ते पत्र आमच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि उमराहच्या पासबुकात घालून ठेवलं.