दोन कंत्राटांमधली रिकामी जागा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्याची नोकरी सुटली तर भत्त्याची सोय आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 2018 पासून आहे. 2020 मध्ये भत्ता सरासरी मिळकतीच्या 25 वरून 50 टक्क्यांवर नेला. कमाल 90 दिवस.

अट अशी: दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. एप्रिल ते सप्टेंबर ही एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्च दुसरी.

खरी मेख सरासरीत आहे. चार सहामाहींची एकूण मिळकत 730 ने भागतात, मग मधले महिने तुम्ही घरी बसलेले का असेनात. महिना 15,000 रुपयांवर पूर्ण दोन वर्षे राबलेल्याला रोज साधारण 247 रुपये, पण सोळाच महिने काम मिळालेल्याला 164. म्हणजे ज्याचं काम आधीच तुटक, त्यालाच भत्ताही तोकडा. हे मला तरी उफराटं वाटतं.

भत्ता चालू असताना दुसरी नोकरी लागली, की तो त्या तारखेपासून बंद. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच द्या. दोन क्रमांक झाले, तर दिवस विभागले जातात.