चाल टाकायची, दुप्पट आली की पॅक

गणपतीपर्यंत शहापूर-मुरबाडकडे भाताची आवणी आटोपलेली असते. रात्रीची आरती, भजन उरकलं की जागरणाला पडवीत सतरंजी पसरते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. तीन पत्तीत एक खेळी नवख्याला चक्क वेडेपणाची वाटते. गडी आपणहून चाल टाकतो, समोरच्याने ती दुप्पट केली की निमूट ‘पॅक’ म्हणतो. सोडायचंच होतं, तर टाकलं कशाला?

हिशेब मांडून बघा. पैशांऐवजी चिंचोके घेऊ. मधे 60 जमलेत, दोघेच उरलेत, दोघांनीही पानं पाहिलीत, चाल 10ची. तुमच्या हाती राण्यांची जोडी. 52 पानांतून तीन पानं 22,100 तऱ्हांनी येतात आणि त्यांतल्या 16,440 तऱ्हांत साधी जोडीही नसते. म्हणजे हात चांगलाच. पण समोरचा अजून टिकून आहे, तोही काही रिकामा नसणार.

तुम्ही 10 देऊन शो मागितला तर निकाल तिथेच. त्याऐवजी 10ची चाल टाकलीत, तर सत्त्यांची जोडी धरून बसलेला राहवत नाही म्हणून आणखी 10 मोजून शो मागेल. ते 10 तुमचे! उलट त्याच्याकडे सिक्वेन्स असेल तर तो 20 करील आणि तुम्ही पॅक व्हाल. गेले किती? 10च. शो मागून हरला असतात तरी तेवढेच जाणार होते. तोटा तोच, फायद्याला मात्र वाट मोकळी.

अर्थात गडी ओळखता आला पाहिजे. त्याच्या 20नंतर मधे 90 होतात. तुम्ही 20 घालून शो मागितलात तर 110. म्हणजे अकरातून दोनदापेक्षा जास्त वेळा तो थाप मारत असेल, तर पॅक होणं चूक. असा थापाड्या प्रत्येक आळीत एक तरी असतोच! आणि सिक्वेन्स असूनही दुप्पट न करता 10-10 टाकत राहणारा मुरलेला गडी त्याहून महाग पडतो.

लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात वाढवायची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे तिथे ही खेळी रोजचीच. दोघांतला हा खेळ कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग यांच्या चमूने 2015 मध्ये जवळजवळ पूर्ण सोडवला. ‘सेफियस’ हा प्रोग्राम सुमारे 4,800 प्रोसेसरांवर दोनेक महिने स्वतःशीच खेळत राहिला. पानं कधी टाकायची, कधी धरून ठेवायची, याचं प्रमाण त्याने असं जुळवलं, की जन्मभर खेळूनही त्याच्यावर मात केल्याचं कुणाला खात्रीने म्हणता येऊ नये.

तुम्ही मात्र चिंचोक्यांवरच खेळा. पैसे लावले की 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो. आणि 1968 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने तीन पानांच्या खेळाला नशिबाच्याच खात्यात टाकलं आहे.