वेटर, पाणी आण!

शीर्षक वाचून कुणाला वाटेल की हा मेसवरचा नेहमीचा विनोदी लेख आहे. तसं नाही. (मेसवर लिहायला या अंकात दुसरे समर्थ आहेत!) हा लेख मी सेकंड इयरच्या सुट्टीत केलेल्या वेटरच्या नोकरीबद्दल आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती.

झालं असं की परीक्षा संपली आणि माझ्याकडे इंटर्नशिप नव्हती. चौदा कंपन्यांना मेल केले, एकीचंही उत्तर नाही. रूममेट कराडचा. त्याच्या मामांच्या ओळखीने पुणे-बंगळूर हायवेवरच्या एका शुद्ध शाकाहारी हॉटेलात दीड महिन्याचं काम मिळालं. रोजाचे साडेचारशे रुपये, दोन वेळचं जेवण आणि झोपायला माळ्यावरची खोली. आईने नातेवाईकांना सांगितलं, "इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेलाय." मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, आई फारसं खोटं बोलत नव्हती.

आधी काम कसं चालतं ते सांगतो, कारण आपण सगळे टेबलाच्या एकाच बाजूने हॉटेल बघतो. आमच्याकडे दहा टेबलं, दोन वेटर आणि वर एक कॅप्टन. सहा ते दहा हा माझा सेक्शन. ऑर्डर घेतली की केओटी लिहायची, म्हणजे किचनला जाणारी चिठ्ठी. तिच्या कार्बनने तीन प्रती निघतात. एक किचनमध्ये वस्तादांकडे, एक गल्ल्यावर बिलासाठी, एक आपल्या खिशात. वस्ताद पदार्थ गेला की त्यांची चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवतात. म्हणजे रात्री हिशोब चुकला तर कोण चुकलं हे त्या खिळ्यावरून कळतं. आपल्या लॅबमधल्या जर्नलपेक्षा हे रेकॉर्ड जास्त खरं असतं, कारण ते कुणी शेवटच्या आठवड्यात कॉपी करत नाही!

पहिल्याच दिवशी कॅप्टनदादांनी मला थांबवलं. "इंजिनेर, रिकामा हात कुठं चाललास?" नियम असा, की किचनकडे जाताना उष्टी ताटं न्यायची आणि येताना काहीतरी घेऊन यायचं, निदान पाण्याचा जग तरी. मी दिवसभर नुसता पळत होतो आणि तरी मागे पडत होतो. माझ्याबरोबरचा वेटर दहावी नापास. तो कधी पळायचा नाही, पण त्याचं एकही टेबल तुंबायचं नाही. तो एका फेरीत तीन कामं करायचा आणि निघण्याआधी क्षणभर उभा राहून पाचही टेबलांवर नजर फिरवायचा. कोण मेनू मिटून बसलंय, कुणाचे ग्लास रिकामे, कोण गल्ल्याकडे बघतंय. मला ते जमायला तीन आठवडे लागले.

आता थोडं गणित, कारण ते मला थर्ड इयरला ऑपरेशन्स रिसर्चच्या तासाला एकदम ओळखीचं वाटलं. लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आत असलेली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. समजा रविवारी दुपारी ताशी १२ कुटुंबं येतात आणि प्रत्येक ४० मिनिटं बसतं. मग कोणत्याही क्षणी सरासरी ८ टेबलं भरलेली असणार, आणि आमच्याकडे १० होती. पण तेच कुटुंब एक तास बसलं तर १२ टेबलं लागतात, आणि दाराबाहेर उन्हात लोक उभे! ही जास्तीची २० मिनिटं लोक जेवण्यात घालवत नाहीत. मेनू हातात पडण्याची वाट, ऑर्डर घ्यायला कुणी येण्याची वाट, बिल मागितल्यावर ते येण्याची वाट यातच ती जातात. माणसाने किती सावकाश जेवावं हे आपल्या हातात नाही, पण या तीन वाटा आहेत. कॅप्टनदादांना लिटल माहीत नव्हता. "शेवटचा घास बघून बिल तयार ठेव," एवढंच ते म्हणायचे.

स्मरणशक्तीबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या एरिक्सन आणि पोल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये एका वेटरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला ते जेसी म्हणतात. तो न लिहिता वीस जणांच्या जेवणाच्या ऑर्डरी लक्षात ठेवायचा. त्याची मेमरी जन्मजात वेगळी होती असं नाही, त्याची पद्धत होती. सॅलडवरच्या ड्रेसिंगची आद्याक्षरं जोडून तो शब्द बनवायचा आणि मांस किती शिजवायचं याचा मनात चक्क ग्राफ काढायचा. हे मी इथे परत आल्यावर वाचलं. तिथे असताना मला पद्धत नव्हती, फक्त फाजील आत्मविश्वास होता. त्याचा परिणाम ऐका.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, संध्याकाळचे सव्वासहा. आठ नंबरवर सांगलीकडचं एक जैन कुटुंब बसलं. मुलांना पावभाजी, आणि आजींना साधी डाळ आणि भात. आजींचा मुलगा मला म्हणाला, "कांदा-लसूण नको हं, आणि जरा लवकर द्या. आई सूर्य मावळल्यावर काही खात नाही." मी "हो काका" म्हटलं आणि लिहिलं: १ दाल, १ राईस. कांदा-लसूण नको हे डोक्यात ठेवलं, किचनमध्ये तोंडी सांगू म्हणून. तेवढ्यात दहा नंबरने "वेटर, पाणी!" अशी हाक मारली. मी चिठ्ठी खिडकीत टाकली आणि पाणी द्यायला गेलो.

वीस मिनिटांनी डाळ आली, वर लसणाची झणझणीत फोडणी. आजींनी नुसता वास घेतला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. काका भडकले. आणि मी काय म्हणालो असेन? "सॉरी काका, किचनवाल्यांची चूक झाली." विचारसुद्धा करावा लागला नाही, इतक्या सहज ते तोंडातून आलं.

कॅप्टनदादा मागेच उभे होते. काही बोलले नाहीत. मला किचनमध्ये नेलं, खिळ्यावरून माझी चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्यात कुठं लिवलंय, वाच." त्यात काहीच नव्हतं. वस्ताद भट्टीसमोर घामाघूम उभे होते. माझं बोलणं त्यांना खिडकीतून ऐकू गेलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फोडणी न दिलेलं वरण पातेल्यात होतं. त्यांनी दुसरी कढई घेतली, तूप, जिरं, हिंग, आणि सहा मिनिटांत वाटी माझ्यासमोर ठेवली. मी ती घेऊन गेलो आणि म्हणालो, "काका, मघाशी मी खोटं बोललो. किचनची चूक नव्हती. मीच लिहिलं नव्हतं." ते वाक्य बोलायला मला आजवरच्या कुठल्याही व्हायव्हापेक्षा जास्त जड गेलं.

बाहेर ऊन जवळजवळ गेलंच होतं. आजींनी भराभर जेवायला सुरुवात केली, खिडकीबाहेर एकदा बघितलं आणि अर्धा भात ताटात असतानाच हात थांबवला. मला म्हणाल्या, "लिहून घेत जा रे बाळा." बस्स. पुढचं जेवण त्यांना थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डाळीचं काय घेऊन बसलाय. पण निरोप अर्धवट पोहोचणं ही आपल्या धंद्यातली केवढी मोठी गोष्ट आहे बघा. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं, इतरही कारणं होती, पण वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांच्यातले संदिग्ध शब्द हे त्यातलं एक मोठं कारण. त्यानंतर रेडिओवरची भाषा ठरवून कडक केली गेली. ऐकलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, आणि 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. दुसऱ्या दिवसापासून मीही ऑर्डर परत वाचून दाखवू लागलो. गल्ल्यावर दोरीला एक लाल पेन बांधलं. जैन ऑर्डर असेल तर चिठ्ठीच्या डोक्यावर लाल गोलात 'जै'. वस्तादांनी आठवडाभर माझी थट्टा केली, मग लाल गोल नसेल तर स्वतःच "जैन हाय का साधं?" विचारायला लागले.

बायोडेटात हे कसं लिहायचं यावर आमच्या रूममध्ये मोठा वाद झाला. एकाने 'एफ अँड बी असोसिएट' सुचवलं. मी 'वेटर' लिहिलं आणि खाली दोन ओळी: पाच टेबलांचा सेक्शन, सहा आठवडे, चुकीची ऑर्डर टाळण्यासाठी चिठ्ठीवर खुणेची पद्धत सुरू केली. 'गुड कम्युनिकेशन, टीमवर्क' हे शब्द काढून टाकले, कारण ते वर्गातल्या साठही जणांच्या बायोडेटात आहेत! मॉक इंटरव्ह्यूला सरांनी अपयशाबद्दल विचारलं तेव्हा मी आजींचं सांगितलं. त्यांनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. थेट विचारलं, "मग सिस्टिममध्ये काय बदल केलास?" सांगायला लाल पेन होतं म्हणून बरं झालं.

ज्यांना पुढच्या मेमध्ये जायचं असेल त्यांनी एप्रिलच्या शेवटीच हायवेवर चक्कर मारून मालकांना भेटावं, सुट्टीत माणसं लागतातच. मळखाऊ पँट आणि न घसरणारे बूट न्या. टिपवर फार भरवसा ठेवू नका, यूपीआय आल्यापासून सुट्टे पैसे ताटलीत राहत नाहीत. आणि माझ्यासारखे कॉन्व्हेंटवाले असाल तर मराठी आकडे पाठ करून जा. गल्ल्यावरून "एकोणसत्तर" ओरडलं की मी बिल एकोणसाठचं सांगायचो. त्या दहा-दहा रुपयांचे एकूण ऐंशी माझ्या पगारातून गेले.